अंगावर काढलेले दुखणे

मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रयोग आहे आणि तो उच्चारताना आपल्या स्वरात नकळत कौतुक उतरते. अंगात ताप असताना जी बाई वाडीला पाणी लावते, पहाटेच्या गाडीने सोनचाफ्याची टोपली घेऊन दादर गाठते आणि दुपारी परतून स्वयंपाकाला लागते, तिच्याविषयी तिची मुले पुढे अभिमानाने सांगतात की, आईने कधी दुखणे सांगितले नाही, सारे अंगावर काढले. वसईच्या आमच्या पट्ट्यात अशा मातांची वानवा नाही. पडसे, अंगदुखी, पायात मोडलेला काटा ही दुखणी अंगावर काढता येतात. काही दुखणी मात्र अशी असतात की, ती अंगावर काढू गेल्यास निघत नाहीत. ती अंगात मुरतात आणि हळूहळू घरातही मुरतात.

अशाच एका दुखण्याविषयी आज लिहावयाचे आहे. बायका आपसांत त्याला ‘अंगावरून पांढरे जाणे’ म्हणतात. या एका शब्दप्रयोगाखाली चार निरनिराळे आजार आणि एक पूर्णपणे निरोगी अवस्थाही दडलेली असते. त्याविषयी पुढे येईलच. आमचा रोख आहे तो यीस्ट नावाच्या सूक्ष्म बुरशीमुळे होणाऱ्या विकाराकडे. गुह्यभागी असह्य खाज, आग, विरजलेल्या दुधाच्या गाठींसारखा घट्ट पांढरा स्राव, लघवीच्या वेळी चुरचुर, पतिपत्नींच्या सहवासात वेदना, ही त्याची लक्षणे. औषधाने आठवडाभरात बरे वाटते आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच सुरू होते. हे ‘पुन्हा तेच’ ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या यजमानांसाठी हा लेख आहे.

धर्मगुरूने असल्या विषयाला हात का घालावा, असे काही वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. वैद्याचे काम वैद्याने करावे हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु धर्मग्रामात तीस वर्षांच्या आसपास काढल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. जे दुखणे डॉक्टरपर्यंत जात नाही ते पुष्कळदा फादरच्या कचेरीपर्यंत येते, आणि तेही दुखण्याच्या रूपात येत नाही. ते येते नवराबायकोच्या भांडणाच्या रूपात, सासूच्या टोमण्यांच्या रूपात, किंवा मिस्सेला येऊनही ख्रिस्तशरीर न स्वीकारता मागच्या बाकावर बसून राहणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या रूपात. प्रायश्चित्त संस्कारात कानी पडलेले आमच्याबरोबर कबरीत जाईल. त्यातले एक अक्षरही येथे नाही. जे लिहितो आहोत ते कचेरीत आणि घरभेटींत उघडपणे बोलले गेले, ज्यांचे आहे त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटू नये एवढा तपशील बदलून.

प्रथम या बुरशीची ओळख करून घेऊ. सेमिनरीत जेमतेम शिकलेले लॅटिन आम्हांस फार थोड्या ठिकाणी उपयोगी पडले, त्यांपैकी हे एक. तिचे नाव कॅन्डिडा अल्बिकन्स. लॅटिनमध्ये ‘कान्दिदुस’ म्हणजे लख्ख पांढरा. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे उमेदवार खडूने शुभ्र केलेला झगा घालून फिरत, म्हणून त्यांना ‘कॅन्डिडेट’ हे नाव पडले. आणि ‘ते देउम’ या प्राचीन स्तोत्रात हुतात्म्यांच्या सेनेचे वर्णन करताना याच कुळातला शब्द येतो. ‘अल्बिकन्स’ म्हणजे पांढरे होत जाणारे. पांढऱ्यावर पांढरे असे हे नाव ज्या कोणी ठेवले, त्याच्या डोळ्यांपुढे काचेच्या बशीत वाढलेली तिची दुधाळ वसाहत असावी. बाप्तिस्म्याच्या शुभ्र वस्त्राचा आणि हुतात्म्यांचा हा शब्द, आणि तो धारण करणाऱ्या आजाराला आपल्याकडे मात्र घाण म्हणतात!

ही बुरशी बाहेरून कोणी आणून टाकलेली नसते. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, स्त्रीच्या योनिमार्गात ती थोड्या प्रमाणात मुक्कामाला असतेच. योनिमार्गात तिच्या शेजारी दुसरे सूक्ष्मजीव राहतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. ते आम्ल तयार करतात आणि तेथील समतोल राखतात. या समतोलाला धक्का बसला की बुरशी बोकाळते. शंभरातील सुमारे ७५ स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, असे वैद्यकाची पुस्तके सांगतात. त्यांतल्या बहुतेकींचा तो एका औषधाने मिटतो. थोड्या स्त्रियांना, शंभरात पाचच्या किंवा त्याहून काहीशा अधिक जणींना, तो पुनःपुन्हा होतो. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा उलटला की डॉक्टर त्याला वारंवार होणारा विकार म्हणतात आणि त्याची चिकित्सा वेगळी असते. ही शेवटची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

यीस्ट म्हटले की आपल्या बायकांना पाव आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे. सणासुदीचे फुगे याच यीस्टवर फुगतात आणि गोव्याच्या सान्नांत माडाची सुर तेच काम करते. बायबलमध्ये त्याला खमीर म्हटले आहे. निर्गमकाळी इस्राएल लोक बेखमीर भाकरी घेऊन निघाले, संत पौलाने करिंथकरांना जुने खमीर काढून टाकावयास सांगितले, आणि आपल्या लॅटिन परंपरेत मिस्सेची भाकर आजही बेखमीर असते. धर्मविधी संहितेच्या ९२६व्या कलमात तसा नियम आहे. म्हणून खमिरात काहीतरी अशुद्ध आहे असा समज कोणी करून घेतला तर नवल नाही. पण मत्तयाच्या तेराव्या अध्यायात येशूने स्वर्गाच्या राज्याला उपमा दिली तीही खमिराचीच: एका बाईने तीन मापे पिठात ते लपवले आणि सारे पीठ फुगून आले. पावाचे खमीर आणि हा विकार करणारी बुरशी ही दूरची भावंडे आहेत, एक नव्हेत. शिवाय भट्टीतून निघालेल्या पावात यीस्ट जिवंत उरत नाही. पाव सोडला म्हणून हा आजार गेला, याला आधार नाही. असे असता, वर्षभर पाव, इडली आणि नाताळची व्हाइनसुद्धा वर्ज्य करून बसलेल्या एक बाई आम्हांला भेटल्या होत्या. त्यांचा उपास फुकट गेला म्हणावे तरी पंचाईत. नाताळची व्हाइन सोडण्याचे पुण्य त्यांना लाभले असेल.

मग समतोल बिघडतो कशाने? चार-पाच कारणे तर आपल्या घरातच सापडतात. सर्दीखोकल्यावर आपण उठल्यासुटल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या घेतो. त्या रोगजंतूंबरोबर योनिमार्गातील राखणदार जंतूही मारतात. बुरशीला मात्र त्यांनी काही होत नाही आणि तिला रान मोकळे मिळते. गरोदरपणात आणि काही गर्भनिरोधक गोळ्यांनी शरीरातले इस्ट्रोजेन वाढते, तेही बुरशीला मानवते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉईड, प्रतिकारशक्ती क्षीण करणारा एखादा आजार ही आणखी कारणे. आमच्याकडचा पावसाळा हे स्वतः कारण नसले तरी बुरशीचा मोठा साथीदार आहे. आवणीच्या दिवसांत आमच्या बाया कमरेपर्यंत भिजून सहा-सहा तास चिखलात उभ्या राहतात आणि त्याच ओल्या कपड्यांनी घरची कामे उरकतात. दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत; दमट आतले कपडे तसेच अंगावर चढवले जातात. मांड्यांच्या खाचा, स्तनांखालची वळी, पोटाची घडी या ठिकाणी कातडे लाल होऊन सोलपटते, ते पुष्कळदा याच बुरशीचे काम असते.

आणि सर्वांत मोठे कारण साखर. रक्तातली साखर वाढली की ती लघवीत उतरते, स्रावांत उतरते, आणि बुरशीला आयते खाद्य मिळते. आपल्या समाजात मधुमेह किती पसरला आहे हे कोणत्याही धर्मगुरूला नाताळच्या घरभेटीत कळते, पूर्वी केक पुढे येत असे, आता यजमानीण आधी विचारते, “फादर, तुम्हांला साखर चालते का?” पुष्कळांच्या बाबतीत मधुमेहाची पहिली वर्दी हीच खाज देते. ज्यांना गरोदरपणात साखर आढळली होती आणि बाळंतपणानंतर जी गेली असे समजून सारे विसरून गेले, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा संभव इतरांहून बराच अधिक असतो. म्हणून हे दुखणे उलटले की पहिले पाऊल मलमाकडे नव्हे, रक्ततपासणीकडे पडावे.

येथे आमची स्वतःची हकीकत सांगणे भाग आहे. आम्हांस काही वर्षे मधुमेह आहे. अलीकडे या रोगावर डॅपाग्लिफ्लोझिन नावाची गोळी सर्रास दिली जाते. २०२० च्या अखेरीस भारतात तिचे पेटंट संपले आणि ती गोरगरिबांच्या आवाक्यात आली. हृदयाला आणि मूत्रपिंडांना ती उपकारक आहे. तिचे काम मात्र विलक्षण आहे: ती रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर घालवते. तात्पर्य, ज्या मार्गाने साखर जाते तेथे बुरशीची चंगळ होते. गोळी सुरू करून तीन महिने झाले असतील, पावसाळ्याचे दिवस होते, आणि आम्हांला जांघेत व गुह्यभागी खाज सुटू लागली. आमचे डॉक्टर म्हणजे एके काळचे आमचे वेदीसेवक. लहानपणी ज्याच्या हातून आम्ही धूपदान घेतले त्याला हे सांगायचे, याचा संकोच झाला, पण सांगितले. त्यांनी न हसता, न लाजता तपासले, बुरशीवरचे साधे मलम दोन आठवड्यांसाठी लिहून दिले, लघवीनंतर नुसत्या पाण्याने धुऊन कोरडे करावयास सांगितले आणि बजावले की, गोळी आपल्या मनाने बंद करावयाची नाही. त्रास गेला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आला, तेव्हा त्यांनी साखरेचे प्रमाण पाहिले आणि औषधांची मांडणी बदलली. ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः स्त्रियांना, औषध लिहितानाच याची कल्पना दिली गेली पाहिजे. दिली गेली नसेल तर आपण विचारावे.

ही खाजगी हकीकत छापील पानावर आणण्याचे कारण पुढील प्रसंगात आहे.

एका संध्याकाळी एक गृहस्थ कचेरीत आले. वय चाळिशीचे, मुंबईत नोकरी, दोन मुले, चर्चच्या कामात पुढे असणारे. त्यांनी विचारले की, विवाह रद्द ठरवण्यासाठी धर्मप्रांताच्या न्यायासनाकडे अर्ज कसा करतात. आम्ही कारण विचारले. बराच वेळ ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “फादर, तिला एका वर्षात चार वेळा तोच रोग झाला. माझ्याकडून तर नाही. मग कुठून येतो?” मित्रांनी त्यांना सांगितले होते की, असा रोग बाहेरच्या संबंधांतून येतो. पत्नीशी बोलणे चार महिन्यांपासून बंद होते. घरात त्यांच्या आईचे मत होते की, सुनेला उष्णता झाली आहे, तिने सब्जा प्यावा; आणि पत्नीचे मत काय होते हे कोणी विचारलेच नव्हते.

आम्ही त्यांना सांगितले की, हा आजार लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांत गणला जात नाही. पतिपत्नींमध्ये क्वचित तो इकडून तिकडे जातो, नाही असे नाही, आणि पतीला खाज, लाली अशी लक्षणे असल्यास त्याच्यावरही उपचार करावे लागतात. परंतु तो उलटतो तो बहुधा त्याच शरीरात दबून राहिलेल्या बुरशीमुळे. कुमारिकेला तो होतो, सिस्टरांना होतो. हे ऐकूनही त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय ढळला नाही. तेव्हा आम्ही म्हणालो, “आम्हांलाही झाला आहे, याच पावसाळ्यात. ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन आम्हांस पंचवीसहून अधिक वर्षे झाली.” ते गृहस्थ एकदम वर पाहू लागले. नंतर मान खाली घालून बसले. पंधरा मिनिटे झाली असतील. उठताना त्यांनी अर्जाविषयी काही विचारले नाही. डॉक्टरांचा पत्ता मागितला. दोघांनी मिळून जावे एवढेच आम्ही सुचवले.

पत्नीच्या रक्तात साखर निघाली. धाकट्याच्या वेळी गरोदरपणात ती आढळली होती, हे बाईंना आठवले. साखर आटोक्यात आल्यावर आणि सहा महिन्यांचा उपचार पुरा झाल्यावर दुखणे थांबले. त्या दोघांमध्ये तुटले होते ते जुळावयास मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ लागला, आणि तो सारा वृत्तान्त सांगण्याचा अधिकार त्यांचा आहे.

त्या बाईंनी चार वेळा औषध घेतले होते, पण चारही वेळा मेडिकल दुकानातून. आपल्याकडे बाई दुकानाच्या फळीशी जाऊन हलक्या आवाजात म्हणते, “पांढरं जातं, काहीतरी द्या,” आणि दुकानदार तीन औषधांची एक डबी पुढे सरकवतो. त्यांतले एक औषध बुरशीवर असते आणि दोन निरनिराळ्या जंतूंवर. नेम न धरता झाडलेल्या गोळ्याच त्या! जंतूंवरचे औषध गरज नसता पोटात गेले की राखणदार जंतू मरतात, आणि महिन्याभरात बुरशीला पुन्हा बरे दिवस येतात. ज्या दुखण्यासाठी डबी घेतली तेच ती परत आणू शकते. मलमांची कथा याहून वाईट. स्टेरॉईड मिसळलेले मलम लावले की खाज तासाभरात थांबते, बाई दुकानदाराला दुवा देते, आणि खाली बुरशी आरामात पसरत राहते. अशी मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत यासाठी सरकारने २०१८ साली नियम कडक केले. नियम कागदावर आहेत.

स्वतःचे निदान स्वतः करणे किती अवघड आहे याचा एक दाखला बोलका आहे. २००२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याला यीस्टच झाले आहे असे समजून दुकानातून औषध घेतलेल्या स्त्रियांना तपासले, तेव्हा तिघींपैकी जेमतेम एकीलाच नुसता यीस्टचा विकार होता. बाकीच्यांना दुसरेच काही होते, किंवा काहीच नव्हते. मासळीसारखा वास येत असेल तर तो बहुधा जंतूंचा विकार असतो. हिरवट पिवळा फेसाळ स्राव असेल तर आणखी तिसरा, आणि त्यात पतीलाही औषध घ्यावेच लागते. डॉक्टरीणबाई कापसाच्या काडीवर थोडा स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पाच मिनिटांचे काम आहे. दुखणे उलटणारे असेल तर स्राव प्रयोगशाळेत वाढवून बुरशीची जातही ओळखावी लागते, कारण काही जाती नेहमीच्या फ्लुकोनॅझोल गोळीला दाद देत नाहीत.

वारंवार होणाऱ्या विकारात एक गोळी घेऊन भागत नाही. तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन गोळ्या, आणि मग आठवड्याला एक याप्रमाणे सहा महिने, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे आढळले की, सहा महिन्यांच्या अखेरीस औषध घेणाऱ्या शंभरांपैकी ९० स्त्रिया त्रासमुक्त होत्या आणि नुसती निरौषध गोळी घेणाऱ्या शंभरांत ३६. औषध थांबवून आणखी सहा महिने लोटल्यावर मात्र पहिल्या गटातल्या ४३ जणीच त्रासमुक्त उरल्या. हा आकडा लपवण्याचे कारण नाही. याचा अर्थ औषध बुरशीला दाबून ठेवते, तेवढ्या अवधीत मूळ कारण शोधून काढावे लागते, आणि काहींना उपचार पुन्हा घ्यावा लागतो. गरोदर स्त्रीने ही गोळी पोटात घेऊ नये. तिच्यासाठी योनिमार्गात ठेवावयाच्या गोळ्या असतात. रक्त पातळ करणारी किंवा इतर नेमाची औषधे चालू असतील तर तेही आधी सांगावे.

आता धुण्याविषयी. आमच्या बायका स्वच्छ आहेत, आणि नेमकी तीच गोष्ट कधी कधी नडते. खाज सुटली की जंतुनाशकाचे पाणी, सुगंधी साबण, तुरटी, कडुनिंबाचा काढा यांनी आतपर्यंत धुणे सुरू होते. योनिमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः राखतो. त्याला आतून धुणे म्हणजे राखणदारांना हाकलून देणे. बाहेरून साधे पाणी पुरते. दही खावे, त्यात अपाय नाही, पण दह्याने किंवा लसणाच्या पाकळीने आत उपचार करू नयेत. लसणाने नाजूक त्वचा भाजते. सुती आतले कपडे, ते उन्हात आणि ऊन नसेल तेव्हा इस्त्रीने कडक वाळवलेले, शेतातून आल्याबरोबर कपडे बदलणे, रात्री सैल वस्त्र. एवढे केल्याने उलटणारा आजार मुळापासून जातो असे नव्हे, परंतु औषधाला हातभार लागतो. म्हाताऱ्या माणसांनी रात्री कवळी काढून धुऊन ठेवावी आणि दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरावी, कारण तोंडातही हीच बुरशी पांढरी साय धरते. आमच्या काही वयोवृद्ध बंधू-पुरोहितांना हे वाक्य उद्देशून आहे, ते त्यांनी ओळखावे.

निरोगी स्रावाविषयी आरंभी म्हटले होते. स्त्रीच्या शरीरातून महिन्याच्या काही दिवसांत पाण्यासारखा किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्राव जाणे हा आजार नव्हे. त्यामुळे हाडे झिजत नाहीत, शक्ती गळून जात नाही; ही समजूत घेऊन कित्येक जणी उगाच खंगत राहतात. आणि गंमत अशी की, हे ज्ञान चर्चनेच त्यांना दिलेले असते. विवाहपूर्व शिबिरात आपण बिलिंग्ज पद्धत शिकवतो. मेलबर्नच्या डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ साली जिचा आरंभ केला आणि ज्यात पुढे त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन यांनी मोलाची भर घातली, ती पद्धत संपूर्णपणे या स्रावाच्या निरीक्षणावर उभी आहे. वधूवर एका बाकावर बसून हे ऐकतात, टिपून घेतात. ज्यांना लग्नाआधी स्रावाविषयी एकत्र ऐकता आले, त्यांना लग्नानंतर बारा वर्षांनी त्याविषयी बोलता का येऊ नये? खाजेसह घट्ट गाठीचा स्राव दिसला तर निरीक्षणाची नोंद फसते आणि उपचार होईपर्यंत तिच्यावर विसंबू नये, हे शिबिरात शिकवणाऱ्या जोडप्यांनी आवर्जून सांगावे.

मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मावशींविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. साठी ओलांडलेल्या, रोज मिस्सेला येणाऱ्या. दोन महिने त्यांनी ख्रिस्तशरीर स्वीकारले नाही. घर आशीर्वादित करावयास गेलो असता त्यांनी स्वयंपाकघरात आम्हांला गाठून सांगितले, “फादर, अंग चांगलं नसताना देवाला कसं घ्यायचं? वास येईल, डाग पडेल असं वाटतं.” त्यांना कोणी मना केली नव्हती, लहानपणी आजीने सांगितलेले त्यांच्या मनात होते. लेवीयाच्या पंधराव्या अध्यायात स्राव असलेल्या स्त्रीला अशुद्ध म्हटले आहे खरे. पण मार्काच्या पाचव्या अध्यायात तो नियम बारा वर्षे सोसलेली एक स्त्री गर्दीतून मागच्या बाजूने येते. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने हाल सोसले होते, जवळचे सारे खर्चून बसली होती आणि दुखणे वाढतच गेले होते. (लूकनेही ही कथा सांगितली आहे, परंपरेप्रमाणे तो स्वतः वैद्य, म्हणून की काय, वैद्यांवरचा ठपका त्याने सौम्य केला आहे.) तिला चोरून स्पर्श करून निघून जावयाचे होते. येशूने तिला जाऊ दिले नाही. सर्वांसमोर थांबवले, सारे बोलू दिले आणि ‘मुली’ म्हणून हाक मारली.

याच कथेचा आधार थोरले पोप ग्रेगरी यांनी घेतला होता. इंग्लंडमध्ये सुवार्ता सांगणाऱ्या कँटरबरीच्या ऑगस्टीनने विचारले होते की, मासिक पाळीत स्त्रीने चर्चमध्ये यावे काय आणि ख्रिस्तशरीर स्वीकारावे काय. ग्रेगरींचे उत्तर बीड या मठवासी इतिहासकाराने जपून ठेवले आहे: तिला मना करू नये, शरीराच्या दुखण्यात अपराध नसतो. हे चौदाशे वर्षांपूर्वीचे उत्तर आहे. मावशींना ते सांगितले. त्याचबरोबर हेही सांगितले की, पाळी गेल्यावर यीस्टचा विकार सहसा होत नाही, आणि झाला तर साखर तपासलीच पाहिजे, इतरही काही कारण नाही ना हे पाहिले पाहिजे. पुढच्या रविवारी त्या रांगेत उभ्या होत्या. सोमवारी त्यांची सून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. दोन्ही गोष्टींनी आम्हांला सारखेच समाधान झाले.

गेल्या जुलैत आमच्या चर्चच्या सभागृहात एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलावून फक्त स्त्रियांसाठी एक दुपार ठेवली. आम्ही आरंभीची प्रार्थना करून बाहेर पडलो. एका डब्यात नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकावयास सांगितले होते, आणि दाराशी बोटाला टोचून साखर तपासण्याची सोय केली होती. आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकच नव्हते अशा दोघी तेथे सापडल्या. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितले की, सर्वाधिक चिठ्ठ्यांत एकच प्रश्न होता: नवऱ्याला कसे सांगावे? दुसरा क्रमांक पावाचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाईंना एकटीला देता येण्यासारखे नव्हते, म्हणून नाताळच्या आगमनकाळाआधी अशीच एक बैठक पुरुषांसाठी ठेवली आहे. सूचना मिस्सेच्या शेवटी वाचून दाखवली तेव्हा मागच्या बाजूला थोडी खसखस पिकली. किती जण येतात ते पाहू.